आली कुठून, गेली कुठून

नालोंगो नामुगेन्यी डोक्याला लाल रुमाल बांधून आली, की एंटेबे विमानतळाच्या हँगरमध्ये सगळे समजून जात: आज सरोवरावर ढग आहेत. पावसात लाल घालू नये, वीज लाल रंगाचा माग काढत येते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. नालोंगोच्या आजीने तर तिचा एक लाल फ्रॉक भर पावसात चुलीत घातला होता. म्हणूनच बाई मुद्दाम लाल बांधायची.

"सव्वीस वर्षं बोलावतेय तिला," ती म्हणायची. "माझ्याकडे फिरकत नाही. विमानांना मात्र सोडत नाही, म्हणून तर माझी चूल पेटते!"

नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई. हा मान एकदा मिळाला की आईबापांनी ठेवलेलं नाव कुणी विचारत नाही. वैमानिकसुद्धा तिला नालोंगोच म्हणत. तिचं काम एका वाक्यात सांगता येतं. वीज पडलेलं विमान तपासायचं आणि ते पुन्हा उडण्याजोगं आहे की नाही ते सही करून सांगायचं. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी या कामाला तोटा नाही.

हे तिला शिकवलं म्झे ब्येक्वासोंनी. म्झे म्हणजे वडीलधारे, आणि ते होतेही तसेच: कडक, देवभीरू, आणि हातात कायम एक चिंधी. "वीज ही घाईतली पाहुणी, पोरी," ते म्हणत. "घरात शिरत नाही. विमानाच्या पत्र्यावरून, बाहेरच्या बाहेर जाते. आतला माणूस चहा पीत बसला तरी चालेल. पण ती आली तिथे एक डाग सोडते आणि गेली तिथे दुसरा. दोन्ही सापडल्याशिवाय जेवायला उठायचं नाही." मग रोज, प्रत्येक विमानापाशी, तोच प्रश्न: "आली कुठून? गेली कुठून?" नालोंगोने एकदा अर्धंच उत्तर दिलं, तर संध्याकाळपर्यंत उपाशी ठेवलं होतं तिला. आता म्झे उत्तरेला आरुआच्या धावपट्टीवर एकटेच तंत्रज्ञ होते आणि त्यांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते.

त्या गुरुवारी सकाळचं बारा आसनी विमान आरुआला उतरताना त्याच्यावर वीज पडली. तिथे ते चाळीस मिनिटं थांबलं. म्झेंनी नोंद केली, 'नाकावर डाग, बाकी ठीक, एंटेबेला पूर्ण तपासणी करावी.' आणि प्रवासी घेऊन अकराला ते परत आलं. दोन वाजता त्याच विमानाला कासेसेला जायचं होतं.

नालोंगोने नाकावरचा डाग पाहिला. मक्याच्या दाण्याएवढा, कडेला काळा. आली इथून. मग तिने पोटाखालून, पंखांवरून, शेपटीपर्यंत बोट फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. काही नाही.

"झालं का गं?" कंपनीचे व्यवस्थापक सेबुलिबा घड्याळ बघत आले.

"नाही."

"म्झेंनी बाकी ठीक लिहिलंय की."

"मग त्यांच्याकडूनच घ्या सही."

सेबुलिबा आल्या पावली परत गेले. थोड्या वेळाने कासेसेच्या प्रवाशांमधली एक म्हातारी काठी टेकत हँगरच्या दारात आली.

"तू जुळ्यांची आई ना? खरं सांग. या विमानावर कुणी करणी करून वीज सोडली असेल तर मी बसने जाते."

"जाजा, आजीबाई, बसच्या रस्त्यावर मोटारसायकली उडवणारे बोडा-बोडावाले आहेत. विजेपेक्षा त्यांना भ्या," नालोंगो हसली. "सरोवरात होडीवर वीज पडली तर घात, कारण होडीवर माणूस उघडा असतो. इथे तुमच्याभोवती सगळा पत्रा. वीज त्याच्यावरून निघून जाते."

"मग तू काय शोधतेस?"

"जाताना दार आपटून गेली का, ते."

म्हातारीला हे पटलं. ती पिशवीतून भाजलेलं गोंजा केळं काढून खात बसली, आणि अर्धं नालोंगोलाही दिलं. नालोंगोने ते खिशात ठेवलं. अजून जेवायला उठायचं नव्हतं.

तिसऱ्या फेरीत तिने डोळे मिटून नुसतं बोट चालवलं. काखेत कळसा नि गावाला वळसा, तशी गत झाली होती. प्रवासी चढतात त्या दाराच्या मागेच, शेपटीच्या डाव्या आडव्या पंखाच्या टोकाला, पत्रा जरासा जास्तच गुळगुळीत लागला. तिने नख मारलं. रंग अजून पुरता वाळला नव्हता. रंगाखाली भरलेली लांबी सुटली, तिच्याखाली बोटाच्या पेराएवढं भोक निघालं, आणि आत शेपटीच्या हलत्या झडपेची बिजागरी, तिच्यावरून वीज वळवून नेणारी तांब्याची पट्टी जळून तुटलेली.

रंगाची कड चिंधीने अशी सफाईने पुसली होती की शिवण दिसू नये. जगात एकच माणूस असं पुसतो. तिला घडलेलं सगळं दिसलंच: पत्र्याच्या शेडमध्ये बसलेले आरुआचे प्रवासी, त्यांनी शेपटीकडे दाखवलेलं बोट, कुणीतरी म्हटलेलं "ही पाठवलेली वीज", आणि लोक घाबरू नयेत म्हणून पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन निघालेले म्झे. त्यांचा राग करण्यासारखं काही नव्हतं, आणि तरीही तिला प्रचंड राग आला. पट्टी नसताना पुढची वीज बिजागरीतूनच गेली असती आणि बिजागरी अडकली असती, म्हणजे विमान वर-खाली करणारी झडपच अडकली असती.

पट्टी बदलली, बिजागरी बदलली, भोकावर ठिगळ बसलं. साडेचार वाजले. सगळं घट्ट, सगळं मोकळं हलणारं. आता विमानाबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. वहीपुढे मात्र तिचं पेन थांबलं.

सेबुलिबांनी रंगाचे टवके पाहिले होते. ते हळू आवाजात म्हणाले, "डाग सापडला, दुरुस्त झाला, एवढंच लिही. रंगाचं कशाला? नुकसान झाकणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवतात, ठाऊक आहे ना? आठ महिने राहिलेत म्हाताऱ्याचे."

नालोंगोलाही एवढंच लिहायचं होतं. तिने एकदा पेन टेकवलंही. पण घाबरट प्रवासी काय एकट्या आरुआत आहेत? प्रत्येक धावपट्टीवर एक भला माणूस आहे आणि त्याच्याकडे एक रंगाचा डबा आहे. हे लिहिलं नाही तर ते डबे असेच उघडत राहणार.

तेवढ्यात फोन वाजला. वीज पडलेलं विमान एंटेबेला गेलं की म्झे स्वतःच फोन करत, वर्षानुवर्षांची सवय.

"काय पोरी? आली कुठून?"

"नाकावरून, म्झे."

"गेली कुठून?"

"शेपटीच्या डाव्या टोकावरून. तुमच्या रंगाखालून."

तिकडे पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"बान्नांगे, अरे देवा," म्झे म्हणाले. "फक्त पत्राच गेला असं वाटलं मला. आत काय झालं होतं?"

"पट्टी तुटली होती."

"बदललीस?"

"बदलली."

"मग जसं सांगितलंस तसंच लिही. रंगाखालून. नावासकट."

"म्झे, तुम्हाला घरी..."

"अर्धं उत्तर मी तुझ्याकडून कधी घेतलं होतं का गं?" ते ओरडले, अगदी सव्वीस वर्षांपूर्वीसारखे. मग आवाज खाली आला. "लिही. आणि जेवून घे. उपाशी असशील तू."

तिने सगळं लिहिलं, ब्येक्वासो हे नावही. खाली सही केली. म्हातारी काठी टेकत शिडी चढली, विमान कासेसेच्या ढगांकडे निघून गेलं, आणि नालोंगो लाल रुमालाने डोळे पुसत खिशातलं गार झालेलं केळं खायला बसली.