भिंगरीमामा आणि खालची चावी

माझ्या मामाला स्वस्थ बसलेला कुणी पाहिला असेल तर त्याने मला येऊन सांगावं. जेवतानासुद्धा तो दारात उभा राहून जेवायचा, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. माझी आई, म्हणजे त्याची मोठी बहीण, म्हणायची, "अरे, त्या अन्नाला तरी कळू दे, तू जेवतोयस ते." याच्या पायाला भिंगरी लागलीय असं ती त्याच्या लहानपणापासून म्हणत आली आणि पुढे सगळ्या गल्लीने त्याचं नावच भिंगरी ठेवलं. लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलं, की तो सांगायचा, "संसाराला एका जागी बसावं लागतं. ते कोण करणार?"

नोकरीही त्याला स्वभावाला शोभेल अशीच मिळाली. शहराच्या पाणीखात्यात तो चावीवाला होता. रस्त्यात जागोजागी लोखंडी झाकणं असतात आणि त्यांच्याखाली पाण्याचे व्हॉल्व्ह. छातीपर्यंत येईल एवढी लांब लोखंडी चावी सायकलला बांधून हा दिवसभर हिंडायचा. एका भागाचं पाणी सोड, दुसऱ्या भागाचं बंद कर. चावी फिरवून झाली की तिच्या वरच्या टोकाला कान लावायचा. खाली पाणी धावायला लागलं की त्याचा आवाज लोखंडातून वर येतो म्हणे. मी एकदा कान लावून पाहिला. मला फक्त गार लागलं.

व्हॉल्व्हलाही आम्ही चावीच म्हणायचो, आणि त्याच्या ताब्यातली सगळ्यात महत्त्वाची चावी चौकात होती. तिथे एकाच टाकीच्या पाण्याला दोन फाटे फुटतात. एक जातो वर, टेकडीवरच्या बंगल्यांना. दुसरा खाली, आमच्या गल्ल्यांना. पाणी म्हटलं की ते उताराला पळणारच. खालची चावी उघडी राहिली, तर सगळं पाणी आमच्याकडे धावतं आणि वरच्यांच्या दुसऱ्या मजल्यावर थेंब चढत नाही. म्हणून खालची चावी दिवसभर बंद ठेवायची, सकाळी तेवढी थोडा वेळ उघडायची, आणि त्या वेळात आम्ही गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एका नळावर बादल्या घेऊन एकमेकांच्या उरावर बसायचं. थोडक्यात, पाण्याला स्वतःहून आमच्याकडे यायचं असायचं आणि ते अडवण्याचा पगार माझा मामा घ्यायचा. आई त्याला हे तोंडावर ऐकवायची. तो हसायचा आणि सायकलवर टांग टाकायचा.

मग साथ आली. ती आली वरूनच. विमानाने फिरून आलेल्या लोकांनी आणली आणि पहिले काही आठवडे ती टेकडीवरच होती. मी तेव्हा तिथल्याच एका बंगल्यातल्या आजोबांना सांभाळायला जात होते. घरातली वहिनी मला म्हणाली, "आता येजा बंद. राहायचं तर इथेच राहा, नाहीतर येऊ नकोस." गल्लीत निम्म्या लोकांची कामं सुटलेली. आई म्हणाली, राहा. मी राहिले.

त्या घरात एकाला ताप आला, तर त्याला वरची खोली मिळाली. खोलीला स्वतःची बाल्कनी, स्वतःचं न्हाणीघर. जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवायचं आणि निघून यायचं. दोन आठवड्यांनी माणूस बारीक होऊन, दाढी वाढवून खाली आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांचा राग आला नाही. माणूस वाचला, चांगलंच झालं. पण माझ्या डोळ्यांसमोर आमची खोली यायची. आम्हाला दाराबाहेर ताट ठेवायचं म्हटलं तर ते शेजाऱ्याच्या पायावर ठेवावं लागेल.

आईची छाती आधीपासूनच कमजोर. धुरानेसुद्धा धाप लागायची. आणि ती रोज सकाळी त्या रांगेत. रांग म्हणजे काय, पुढच्याचा घाम मागच्याच्या हाताला लागेल अशी गर्दी. भिंतीवर कुणीतरी कागद चिकटवून गेलं होतं, अंतर ठेवा म्हणून. गल्लीच तेवढी रुंद नाही, हे त्या कागदाला कुणी सांगितलं नव्हतं. शेजारणींना सांगायची सोय नव्हती, कारण आमच्या नळाचा कायदा कडक. जो उभा, त्याचंच भांडं. दुसऱ्याची बादली लावली की भांडण. आणि मामा शेजारच्याच खोलीत राहत असून उपयोग नव्हता, कारण नळाला पाणी असायचं तेव्हा तो चौकात चावीपाशी असायचा. स्वतःच्या दोन बादल्या तो सगळे पांगल्यावर, नळाच्या शेवटच्या धारेवर भरायचा.

त्यात वरच्यांच्या पाण्याच्या तक्रारी सुरू झाल्या. सगळी घरं दिवसभर माणसांनी भरलेली. भाज्या साबणाने धुतल्या जात होत्या, गाड्या कुठे जात नसून धुतल्या जात होत्या. आमच्या वहिनीने तर दाराची बेल धुतली, ती बंद पडली. वरच्या मजल्यावर धार बारीक झाली, फोन गेले आणि पाणीखात्याच्या साहेबाने हुकूम काढला, खालच्यांची वेळ निम्मी करा.

मामा दुपारी बंगल्याच्या फाटकाशी आला. मी आत, तो बाहेर. सायकलवरून उतरला नाही, एका पायावर टेकून सारखी घंटी वाजवत होता.

"वेळ निम्मी केली, लोक तेवढेच. तुझी आई आज त्या गर्दीत मधोमध होती म्हणतात गं."

"तू तिला घरी बसव ना."

"मी? माझं ऐकून ती आजवर कधी बसलीय का? मला बसवण्यातच तिचं आयुष्य गेलं."

"मग काय करायचं?"

"करतो काहीतरी," तो म्हणाला आणि उत्तर ऐकायला थांबला नाही.

त्याने जे केलं ते पूर्ण चांगल्या मनाने केलं आणि तिथेच फसला. मिळालेल्या वेळेचे त्याने दोन भाग केले. अर्धं पाणी सकाळी, अर्धं संध्याकाळी. हिशोब सरळ होता. निम्मे लोक सकाळी येतील, निम्मे संध्याकाळी, गर्दी निम्मी होईल. गल्लीत फिरून त्याने सगळ्यांना घसा फोडून सांगितलं, संध्याकाळी पुन्हा पाणी येणार आहे, सकाळी सगळ्यांनी येऊ नका. आयुष्यभर पाणी सोडणारा माणूस. पण सोडलेल्या पाण्याची वाट बघत तो कधी उभा राहिला नव्हता. नळावर उभं राहणाऱ्या कुठल्याही बाईने त्याला सांगितलं असतं, की संध्याकाळच्या पाण्यावर विसंबून सकाळची बादली कुणी रिकामी ठेवत नाही. लोक सकाळी सगळे आले. संध्याकाळी आणखी मिळतंय म्हटल्यावर पुन्हा सगळे आले. एकदा होत होती ती गर्दी दोनदा व्हायला लागली.

आणि त्याला ते दिसलंच नाही, कारण दोन्ही वेळा तो चौकात, लोखंडाला कान लावून. पाणी छान धावतंय, एवढंच त्याला ऐकू येत होतं.

कळलं ते गल्लीत अँब्युलन्स शिरली तेव्हा. म्हणजे शिरली नाहीच, तोंडाशी थांबली आणि माणसं चालत आली. आईच्या पुढे उभी राहणारी शिंपीण गेली. मग कोपऱ्यावरचा चहावाला. त्याची खोली रिकामी करायला तीन दिवस कुणी धजावलं नाही. आईने मला फोनवर हे सांगितलं ते अगदी सपाट आवाजात. मग म्हणाली, "भिंगरीला सांगितलंय कुणीतरी, हे तुझ्या दोन वेळांमुळे झालं. तो काल माझ्याकडे आला, आणि बसला."

"बसला?"

"खाली, भिंतीला टेकून. मला भीतीच वाटली गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या बंगल्यात वरच्या मजल्याच्या नळाने खाकरून हवा सोडली. मग एक करंगळीएवढी धार. वहिनी डोक्याला शाम्पू लावून उभी. तिने जो आवाज चढवला त्याने आजोबासुद्धा जागे झाले, आणि ते तोफेने जागे होणारे नव्हते. मी खालून बादली भरून वर नेली. जिना चढताना डोक्यात एकदम लख्ख झालं. इथलं पाणी गेलंय, म्हणजे ते उताराला गेलंय.

मी आईला फोन लावला. "आई, नळाला पाणी आहे?"

"सकाळपासून आहे. बारीक आहे, पण थांबतच नाही. सगळे उभेच आहेत, जाईल म्हणून. जात नाहीये."

मामाने खालची चावी थोडी उघडून तशीच सोडून दिली होती. यावेळी त्याला नेमकं कळलं होतं, की लोक पाण्यासाठी गर्दी करत नाहीत, पाणी जाईल म्हणून करतात. पहिले दोन-तीन दिवस रांग तशीच राहिली, कुणाचा विश्वास बसेना. मग लोक घरी जाऊन चहा पिऊन येऊ लागले. मग एका दुपारी आईचा फोन आला. ती हसत होती, आणि हसल्यावर खोकत होती. "अगं, नळ वाहतोय आणि नळावर कुणी नाही. मी बादली लावून घरी आले, अंग टेकलं, मग जाऊन उचलून आणली. कुणी हातसुद्धा लावला नाही." मला रडू आलं, वहिनीला मी शाम्पू डोळ्यांत गेला म्हणून सांगितलं. मला त्या घरात तेवढे दिवस वरखाली बादल्या वाहाव्या लागल्या. कंबरेचा खुळखुळा झाला. इतक्या आनंदाने मी कुठलंच काम केलेलं नाही.

अर्थात ते टिकणार नव्हतं. साहेब स्वतः चौकात आला, झाकण उचलून पाहिलं आणि विचारलं, "ही चावी उघडी कुणी ठेवली?"

मामा म्हणाला, "मी."

"कुणाला विचारून?"

"कुणाला विचारलं असतं तर उघडता आली नसती."

त्याला कामावरून काढलं नाही. त्याहून वाईट केलं. साहेबाने त्याची चावी काढून घेतली आणि त्याला जुन्या पाइपांच्या गोदामात राखणीला बसवलं. एक खुर्ची, एक पंखा आणि दुपारपासून बसून राहायचं. चौकात नवा माणूस आला आणि रांग दुसऱ्याच दिवशी जशीच्या तशी उभी राहिली.

पण आता मामाची सकाळ मोकळी होती. तो आईच्या दोन्ही बादल्या उचलून नळावर गेला आणि तिला म्हणाला, "ताई, तू दार लावून घे." ती भांडली. त्याने बाहेरून कडी घातली. ज्या माणसाला भाजीच्या दुकानातसुद्धा दोन मिनिटं उभं राहणं जमलं नाही, तो रोज त्या रांगेत उभा राहिला. आधी स्वतःच्या बादल्या, मग पुन्हा शेवटून रांग धरून बहिणीच्या. आई खिडकीतून बघायची. मला म्हणाली, "नुसता उभा असतो गं. पाय हलवत नाही. कुणीतरी खिळा ठोकल्यासारखा."

शेवटी साथीने त्यालाच गाठलं. इस्पितळात खाट मिळेपर्यंत उशीर झाला. जीव वाचला, पण फुफ्फुसं गेल्यासारखीच. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला मध्ये टेकावं लागायचं. घरी आणल्याचं कळलं त्याच दिवशी मी वहिनीला सांगितलं, मी निघते. ती म्हणाली, गेलीस तर परत घेणार नाही. मी आजोबांच्या पाया पडले आणि टेकडी उतरले.

गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा सकाळच्या पाण्याची वेळ होती. रांग तशीच, भिंतीवरचा तो कागद फाटून अर्धा लोंबत होता. आणि रांगेच्या मधोमध, तोंडाला पदर गच्च बांधून, आई. तिच्या पायाशी तिच्या बादल्या. आणि मामाच्याही.

मी तिच्या हातातली बादली ओढून घेतली. माझा संताप झाला होता. जे टळावं म्हणून त्या माणसाने एवढं सगळं केलं, तेच ही करत उभी होती. ती मला ओरडली नाही की जवळ घेतलं नाही. आधी मामाच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, मग हळूच म्हणाली, "तो विचारेल तुला. सांगू नकोस. नव्या माणसाने चावी तशीच उघडी ठेवलीय, नळ दिवसभर वाहतो, असं सांगितलंय मी त्याला."

मी आत गेले. भिंगरीमामा खाटेवर उशांना टेकून होता, हात पांघरुणावर ठेवलेले. इतका स्थिर मी त्याला कधी पाहिला नव्हता. मला बघून तो हसला, मग श्वास गोळा करायला थोडा वेळ थांबला.

"पाणी आहे का गं नळाला?"

"आहे, मामा. दिवसभर आहे."

"आणि रांग?"

बाहेर कुणाची तरी बादली कुणाच्या तरी बादलीवर आपटली आणि दोन बायका एकदम ओरडल्या. मी उठून दार लावून घेतलं.

"कुणी नाही," मी म्हटलं.