पलटण का मोडली, ते सांगा

"दारापर्यंत चालत जा आणि परत ये," अधिकारी म्हणाला.

माझा मुलगा उठला. दारापर्यंत गेला, परत आला. हिरवा गणवेश, बारीक कापलेले केस, बुटांना आरसा लावल्यासारखी पॉलिश. त्याच्याशिवाय खोलीत आम्ही तिघं होतो. टेबलामागे तो तरुण डॉक्टर-अधिकारी, कोपऱ्यात टाइप करणारा कारकून आणि खुर्चीवर मी. त्याचा बाप.

"अंकल, हा लहानपणापासून असाच चालतो का?" अधिकाऱ्याने मला इंग्रजीत विचारलं.

कारकून फिस्सकन हसला. आणि मी हसलो.

हे मला आधी लिहून टाकायचं होतं. बाकी सगळं मी इतकी वर्षं वेगवेगळ्या तऱ्हेने सांगत आलो, पण हसलो हे कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. कुणी जबरदस्ती केली नव्हती. माझ्या मुलाच्या चालीत हसण्यासारखं काही नव्हतं. साहेबाच्या खोलीत साहेबाचा माणूस हसला की आपणही हसायचं, ही सवय मी कुठून आणली होती ते मला ठाऊक आहे. माझ्या आजोबांना ती नव्हती.

आमचं गाव दापोलीजवळ. आम्ही महार. पणजोबा इंग्रजांच्या पलटणीत होते, पेन्शन घेऊन गावी आले. त्यांच्यानंतर इंग्रजांनी आमच्या जातीची भरतीच बंद केली. हे लोक लढवय्ये नाहीत म्हणे. काल-परवापर्यंत लढत होते, आणि एका हुकमाने लढवय्ये राहिले नाहीत. पुढे पहिलं महायुद्ध आलं, माणसं कमी पडली, तेव्हा पुन्हा घेतलं. आजोबा तेव्हा गेले. युद्ध संपलं आणि पलटण मोडली. सरकारी हुकमात लिहिलं, खर्चकपात. आजोबांच्या दाखल्यावर 'वर्तणूक: उत्कृष्ट' असं आहे आणि खाली 'कारण: पलटण मोडली'. तो कागद काचेच्या चौकटीत आमच्या पडवीत टांगलेला असे. गावातले वरच्या आळीचे लोक विचारायचे, काय रे, हाकलला का तुला? आजोबा दरवेळी तेच उत्तर द्यायचे. मला ते शब्दाला शब्द पाठ आहे.

"माजं काम बगून काडलं असतं तर काय वाटलं नसतं. जात बगून काडलं."

वडील पुढच्या युद्धात गेले. तीन पिढ्या झाल्या. मला चष्मा लागला म्हणून मी राहिलो. मी जहाजांच्या इंजिनांकडे वळलो, पंधरा वर्षं समुद्रावर काढली आणि मग सिंगापूरला जहाजदुरुस्तीच्या यार्डात लागलो. टॅम्पिनीसला फ्लॅट घेतला. मिलिंद तेव्हा सात वर्षांचा. कायम रहिवासाचे कागद केले तेव्हा तिथल्या माणसाने बजावून सांगितलं, मुलगा अठराचा झाला की दोन-अडीच वर्षं लष्करात जावं लागेल. बरोबरचे मराठी लोक या कलमाला घाबरायचे. मुलगा मोठा व्हायच्या आत कुठे पाठवता येईल याचे हिशेब करायचे. मी मात्र आनंदाने सही केली. यादीत चौथं नाव लागणार होतं. चष्म्यामुळे मधे पडलेली फट माझा मुलगा भरून काढणार होता.

मिलिंदला ही गोष्ट मीच शिकवली. आजोबांचा कागद गावाहून आणून मी टॅम्पिनीसच्या हॉलमध्ये लावला होता. झोपताना तो विचारायचा, पप्पा, पलटण का मोडली? आणि मी आजोबांच्या आवाजात सांगायचो. तो माझ्याबरोबर पुटपुटायचा. त्याचं मराठी शाळेच्या इंग्रजीत विरघळत गेलं, पण ते एक वाक्य दापोलीचंच राहिलं.

तो भरती झाला नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. नेम चांगला, धावण्यात पहिल्या तिघांत. दोन महिन्यांत त्याचं नाव अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी पुढे गेलं. त्या निवडीच्या मुलाखतीत विचारलं की कुणी तुला धमकावू शकेल असं काही तुझ्या आयुष्यात आहे का. त्याने सांगितलं, आहे, पण मी लपवलं तरच. आणि न लपवता सांगून टाकलं.

मला त्याने रविवारी दुपारी सांगितलं. संध्याकाळी छावणीत परत जायचं होतं, तो शर्टाला इस्त्री करत होता. इस्त्री न थांबवता म्हणाला, "पप्पा, मला मुलगे आवडतात. मी कॅम्पमध्ये सांगितलंय. मला तिथेच राहायचंय, माझ्या सेक्शनमध्ये. ते तुम्हाला बोलावतील. तुम्ही फक्त एवढंच सांगा, हा खोटं बोलत नाही."

शालिनी, माझी बायको, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मग मला म्हणाली, "एवढंच सांगायचंय ना? मग सांगून या."

एवढंच सांगायचं होतं. चार शब्द.

आणि मी काय केलं? मंगळवारी सकाळी यार्डातून रजा घेतली, हॉलमधली चौकट उतरवली, आजोबांचा कागद बाहेर काढला आणि फाइलमध्ये घालून छावणीत घेऊन गेलो. का? सांगतो. आमच्या घराण्यात असलं काही नाही, आम्ही पिढीजात शिपाई, हे साहेबाला दाखवायला.

तर मी हसलो, आणि हसू विरायच्या आत फाइल उघडली. तो कागद टेबलावर ठेवला. माझ्या इंग्रजीत म्हणालो, सर, आमच्या तीन पिढ्या सैन्यात होत्या. आमच्याकडे अशी माणसं होत नाहीत. याला प्रशिक्षण जड जातंय, म्हणून हा खोटं सांगतोय.

अधिकाऱ्याने कागद उचलला. जुना पिवळा कागद त्याने दोन्ही हातांनी नीट धरला होता, हे मला आठवतं. माझ्यापेक्षा जास्त जपून. वाचून म्हणाला, वर्तणूक उत्कृष्ट, मग एवढ्या लवकर का सोडलं?

"युद्ध संपलं," मी म्हणालो.

तेव्हा मिलिंद पहिल्यांदा माझ्याकडे वळला. मराठीत बोलला, हळू, त्या दोघांना कळू नये म्हणून. माझी लाज राखली त्याने त्या खोलीत.

"पप्पा, पलटण का मोडली, ते सांगा त्यांना."

मी टेबलाकडे बघत राहिलो.

त्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग अधिकाऱ्याकडे तोंड करून इंग्रजीत म्हणाला, "माझा नेम बघा, सर. माझं धावणं बघा. त्यात कमी पडलो तर काढा."

आजोबांचंच वाक्य. माझ्या मुलाने ते परक्या भाषेत, परक्या साहेबासमोर, कुणाचा आधार नसताना म्हटलं. आणि मी, ज्याने त्याला ते शिकवलं, त्याच वेळी त्याच खोलीत एका छापील कागदावर सही करत होतो. मुलाचं म्हणणं खोटं आहे. प्रशिक्षण टाळण्यासाठी केलेलं आहे. खाली नातं: वडील.

मी त्याला वाचवत होतो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. एकदा नोंद झाली की आयुष्यभर राहील, म्हणून मी ती होऊ देत नव्हतो, वगैरे. खोटं आहे ते. मी घाबरलो होतो आणि मला माझी लाज वाटत होती. 'माझ्या मुलाची' असं लिहिणार होतो, पण नाही. माझीच.

माझ्या सहीने काही थांबलंही नाही. मिलिंदने शब्द मागे घेतला नाही. नोंद झालीच. त्यांच्या वैद्यकीय यादीत अशा मुलांसाठी तीनशे दोन असा आकडा होता. आपल्याकडे हा आकडा खुनाच्या कलमाचा, म्हणून मला तो विसरता आला नाही. अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण गेलं, सेक्शन गेलं. छावणीत मुक्काम करायचा नाही, भांडाराच्या कचेरीत बसून बूट-चादरींच्या नोंदी करायच्या आणि संध्याकाळी घरी जायचं. वर माझं निवेदन फाइलला लागलेलं. एका कागदावर तो असा आहे म्हणून नालायक, दुसऱ्यावर तो असा नाही म्हणून लबाड. पहिला कागद त्यांचा, दुसरा त्याच्या बापाचा.

रोज साडेसहाला तो एमआरटीने, तिथल्या मेट्रोने, गणवेशात घरी यायचा. इमारतीतले लोक विचारायला लागले. बाकीची मुलं शनिवारी येतात, तुमचा रोज कसा? मी सांगितलं, पाठ दुखते. सरावात मणका दुखावला.

सेरंगूनला एका ओळखीच्या मराठी कुटुंबाकडे वाढदिवस होता. वीस-पंचवीस माणसं, बटाटेवडे, पोरांचा गोंधळ. यजमान मोठ्या आवाजाचे आणि मनाने चांगले. मिलिंदला बघताच म्हणाले, "काय रे जवान, दोन महिन्यांत पाठ मोडली? तुमच्या पिढीत दमच नाही." सगळे हसले. एका काकूंनी पर्समधून मलमाची ट्यूब काढून त्याला दिली. त्याने थँक यू काकू म्हणून घेतली. यजमानांना योगासनांचा नाद होता. ते म्हणाले, भुजंगासन कर, महिन्यात फरक पडेल, चल आत्ताच दाखवतो. खुर्च्या सरकवून जागा केली.

मिलिंदने माझ्याकडे बघितलं. मी प्लेटमधल्या वड्याकडे बघितलं.

तो गालिच्यावर पालथा झाला. तळवे टेकून त्याने मान वर उचलली. "अजून, अजून वर," यजमान म्हणत होते. त्याच्या पाठीला काही झालं नव्हतं. उत्तम वाकत होती. एक बाई कौतुकाने म्हणाल्या, किती गुणी मुलगा, एक शब्द बोलत नाही.

परतताना गाडीत आम्ही तिघं ओळीने बसलो होतो. मलमाची ट्यूब त्याच्या हातात होती. उतरताना ती त्याने माझ्या शर्टाच्या खिशात ठेवली. "हे तुमचं, पप्पा," म्हणाला. "मी पुन्हा कुणाच्या घरी झोपून दाखवणार नाही."

त्यानंतर तो कुठे आला नाही. राहिलेले दिवस त्याने कचेरीत काढले, एक दिवस उशिरा गेला नाही की एक दिवस बुडवला नाही. मग दुसऱ्या देशात शिकायला गेला आणि तिकडचाच झाला. एका शिक्षकाबरोबर राहतो. आईशी दर रविवारी फोनवर बोलायचा. फोन मी उचलला तर विचारायचा, तब्येत कशी आहे, आणि आईला द्या म्हणायचा. चार वर्षांपूर्वी शालिनी गेली तेव्हा आला, तिचं सगळं केलं, हॉटेलात राहिला. मी घरी राहा म्हटलं नाही. तोंडच नव्हतं.

चौकट मी पुन्हा लावली नाही. कागद कपाटात आहे.

आता हे का लिहितो आहे. गेल्या महिन्यात गावाहून पुतण्याचा फोन आला, प्रदीपचा. विहाराच्या वतीने गावातल्या आपल्या सैनिकांची पुस्तिका काढताहेत. प्रत्येक घराला तक्ता पाठवलाय. नाव, पलटण, सेवेची वर्षं, निवृत्तीचं कारण. आपल्या घरातली तीन नावं तेवढी लिहून पाठवा काका, म्हणाला.

मी म्हटलं, चार.

तो खूश झाला. मिलिंद विसरलोच होतो की, म्हणाला. परदेशातलं सैन्य चालेल का अशी त्याला शंका आली. मग स्वतःच म्हणाला, चालेल, पणजोबा तरी कुठे आपल्या सैन्यात होते? कारणात पाठदुखी लिहितो, म्हणाला. माझं खोटं समुद्र ओलांडून दापोलीपर्यंत जाऊन बसलं होतं.

मी म्हटलं, ते लिहू नकोस, खरं कारण वेगळं आहे, दोन दिवसांत कळवतो.

मिलिंदला न विचारता मी हे करणार नव्हतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी आपणहून त्याला फोन केला. सगळं सांगितलं, हसण्यापासून. शेवटी इंग्रजीत म्हणाला, "मी त्या खोलीत सांगितलंय, पप्पा. सांगायचं तुमचं राहिलंय." माफ केलं असं म्हणाला नाही. मी मागितलीही नाही. मागणं म्हणजे पुन्हा त्याच्याच पाठीवर काहीतरी ठेवणं.

मग मी प्रदीपला खरं कारण कळवलं, आणि परवा त्याचा पुन्हा फोन आला. त्याने समितीत विचारलं होतं. "काका, नाव घेतो. कारणाचा रकाना रिकामा ठेवू या. उगाच लोक हसतील."

"मग आजोबांच्या नावापुढे खर्चकपात लिही," मी म्हटलं.

तो उसळला. "असं कसं काका? जात म्हणून काढलं त्यांना. तेच तर सांगायला पुस्तक काढतोय आपण."

"मग याच्यापुढेही जे होतं तेच लिही. काम बघून काढलं नाही. कोण आहे ते बघून काढलं. आणि बापाने खोटी साक्ष दिली."

तो म्हणाला, बघतो, लोकांशी बोलतो. मी त्याला बघू दिलं नाही. तक्ता मी स्वतः भरला आहे, माझ्या अक्षरात, खाली सही. तीच सही, जी त्या छापील कागदावर आहे. त्या कागदाबद्दल छावणीच्या पत्त्यावर वेगळं पत्र लिहिलं आहे. मी तेव्हा दिलेलं निवेदन खोटं होतं. माझा मुलगा खोटं बोलत नव्हता. ते कोण वाचेल, वाचेल की नाही, मला माहीत नाही. फाइलला लागू दे.

तक्त्याबरोबर प्रदीपला दोन ओळी पाठवल्या आहेत. चार नावं, चारही कारणं. एक कारण गाळलं तर चारही नावं काढायची, आजोबांचंसुद्धा. पुस्तकात आमचं घर नसलं तरी चालेल.

आणि लोक हसले, तर हसू देत. या वेळी मी हसणार नाही.