लेथवाल्या काकांची शिस्त

आमच्या जिन्यात बातमी अशी होती की लेथवाल्या काकांचा आणि काकूंचा अबोला चाललाय. तीन आठवडे काकू कुणाशी बोलत नाहीत, आतून काकांच्या शिव्या तेवढ्या ऐकू येतात. लपवून काय करू, ही बातमी दोन मजले वर मीच पोचवली होती. ती सपशेल खोटी निघाली. शिव्या काकूंना नव्हत्याच; लेकीने आणून बसवलेल्या साउंड सिस्टीमला होत्या.

काकांनी कारखान्यात छत्तीस वर्षं लेथ चालवला. काकूंचा डावा कान केव्हाच गेलेला, उजवा अर्धामुर्धा. रेडिओवरची दुपारची श्रुतिका म्हणजे त्यांचा जीव की प्राण. म्हणून लेकीने जाताना सगळं लावून दिलं होतं : आवाज उजव्या स्पीकरकडे झुकवलेला, संगीत खाली, बोलणं वर. पहिल्या दिवशी काकूंना शब्द न् शब्द कळला. दुसऱ्या दिवसापासून नुसता गलबला. काकांना मात्र सगळं स्वच्छ ऐकू येत होतं, म्हणजे दोष कानाचाच! उरलासुरला कानही गेला, असं काकूंनी धरून टाकलं. कुणी बोललं की उगाच हसायच्या आणि आत निघून जायच्या.

मी गेलो तेव्हा संध्याकाळ होती. काका रिमोट घेऊन बसलेले, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

"बघ हा नालायकपणा! 'ध्वनी' उघडला की आत 'प्रगत'. 'प्रगत'मध्ये 'स्पीकर'. 'स्पीकर'मध्ये पुन्हा 'ध्वनी'! शी! आणि वर विचारतो, खात्री आहे का? तू कोण रे टिकोजीराव मला विचारणारा?"

शिव्या देत देत ते, काकूंना ऐकू यावं म्हणून दिवसभर अंदाजाने चढवलेले आकडे एकेक करून खाली आणत होते.

"काका, हे काय चाललंय?"

"शून्यावर आणतोय. कारखान्यात पाळी संपली की लेथची सगळी चाकं शून्यावर. मगच मशीन सोडायचं, नाहीतर पुढचा येऊन माल बिघडवतो."

"इथे पुढचा कोण येणार?"

काकांचं बोट थांबलं.

"लेक गेली त्या संध्याकाळीही आणलं होतंत?"

"रोज आणतो," काका म्हणाले, पण आवाज पार उतरला होता.

लेकीने लावलेले आकडे पहिल्याच संध्याकाळी पुसले गेले होते; तिला फोन लावून ते विचारले. ते परत भरायला आम्हा दोन शहाण्यांना पाऊण तास लागला. दोनदा भाषाच बदलली, एकदा डबडं झोपी गेलं. इतका किळसवाणा प्रकार मी फक्त तुंबलेल्या मोरीत पाहिलाय. शेवटी रेडिओवर बातम्या लागल्या, एक बाई वाचत होती. काकू दारातच थबकल्या.

"या बाईला सर्दी झालीय," त्या म्हणाल्या.

खरंच झाली होती.

काकांनी रिमोट काकूंच्या हातात ठेवला आणि स्वतःवरच थुंकावं तसं बोलले, "तीन आठवडे मी हिला बहिरी ठरवलं."

मला कुठे गप्प बसवतंय! म्हटलं, "मजा आहे काका. आता बायकोच्या परवानगीशिवाय बटणसुद्धा दाबता येणार नाही."

काका म्हणाले, "मग तिलाच विचारीन. ती नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणते, त्यासाठी या डबड्यासारखी पाच पानं उलटायला लावत नाही."