आत्याबाईची वायर

आमच्या घराण्यात कुणाचा मोबाईल रुसला, कुणाचा प्रिंटर अडला, की फोन मला येतो. मी सावेडीतल्या एका शाळेत संगणक शिकवते, एवढंच त्याचं कारण. शाळेत मी पाचवीच्या मुलांना माउस म्हणजे काय आणि की-बोर्ड म्हणजे काय ते सांगते. पण गावाकडे, पारनेर तालुक्यात, माझी ख्याती अशी आहे की आभाळातला उपग्रह बंद पडला तरी ही बाई शिडी लावून दुरुस्त करून येईल. ही ख्याती आपोआप पसरलेली नाही. मी ती खतपाणी घालून वाढवलेली आहे.

तर माझ्या धाकट्या भावाला जर्मनीत मुलगा झाला. घराण्यात त्या पिढीतलं पहिलं मूल, आणि मी एकुलती एक आत्या. बारशाला आत्या नसेल तर ते बारसं कसलं. पण शाळेच्या परीक्षा तोंडावर, व्हिसाचा पत्ता नाही, आणि गावी आईला एकटीला सोडून इतकं लांब जाणं शक्य नाही. भाऊ म्हणाला, "ताई, व्हिडिओ कॉल करू. तू तिकडून कुर्र कर. नाहीच जमलं तर हिची एक मैत्रीण आहे इथे, ती करेल."

मैत्रीण करेल! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, हे ऐकलं होतं. पण मैत्रिणीला आत्या म्हणायची वेळ आमच्यावर अजून आलेली नव्हती. मी त्याला म्हटलं, "तुझ्या बारशाला जेवलेली आहे मी." हे आमच्या बाबतीत शब्दशः खरं आहे, मला त्या दिवशीच्या घुगऱ्यासुद्धा आठवतात. "आणि नुसता कॉल नाही," मी पुढे म्हटलं, "मोठ्या टीव्हीवर दाखवणार आहे सगळ्यांना."

टीव्हीचं मी केवळ फुशारकीने बोलले नव्हते. आईच्या डोळ्यांचा पडदा खराब झालाय. मोठं आणि जवळ असेल तेवढंच तिला दिसतं. बाळ झाल्यापासून भाऊ रोज फोन करायचा, मी शनिवार-रविवार गावी गेले की फोन तिच्यापुढे धरायची आणि ती म्हणायची, "दिसतंय, दिसतंय. लई ग्वाड हाय." एकदा भावाच्या हातून फोन कलला आणि पडद्यावर त्याच्या घराचं छतच दिसत राहिलं. आई त्या छताकडे बघून म्हणाली, "हसतंय बघ कसं." मला रडू आलं. आमच्याकडून काही मागायचं नाही म्हणून ती न दिसणारं नातवंड बघत होती. तेव्हाच मी ठरवलं की बारशाला आईला नातू खरोखर दिसला पाहिजे. टीव्ही गावी होताच, भावानेच नोकरी लागल्यावर घेऊन दिलेला. जुना, त्याला इंटरनेटशी काही देणंघेणं नाही, पण आईच्या खाटेसमोर चांगला ऐसपैस. त्याला लॅपटॉप जोडायचा, एवढंच काम होतं.

लॅपटॉप मी नुकताच नवा घेतला होता. इतका सडपातळ की घेताना दुकानदाराने तो कागदासारखा हलवून दाखवला. त्या सडपातळपणात त्याची सगळी भोकं गेली आहेत हे मला घरी आल्यावर कळलं. जुन्या लॅपटॉपला टीव्हीची वायर सरळ बसायची. ह्याला डाव्या अंगाला एक आणि उजव्या अंगाला एक अशी दोन लंबगोल चिमुकली भोकं, चार्जरपासून सगळं त्यातूनच. मध्ये अडॅप्टर लागणार हे उघड होतं.

माझ्याकडे चिवड्याच्या मोठ्या डब्यात जमवलेल्या वायरी आहेत. त्यातली एकही ह्या लॅपटॉपला आणि त्या टीव्हीला एकाच वेळी चालेना. मी सावेडीतल्या दुकानात गेले आणि, लॅपटॉप न नेता, बोटांनी हवेत भोक काढून दाखवलं. दुकानदाराने बराच वेळ माझ्या बोटांकडे बघितलं आणि निळ्या तोंडाचा, खिळ्याखिळ्यांचा एक अडॅप्टर दिला. मी संगणक शिकवते हे त्याला आधीच सांगून बसले होते, त्यामुळे हे काय आहे असं विचारायची सोय उरली नव्हती. घरी येऊन बघते तो डब्यातल्या टीव्हीच्या वायरीला तो बसत होता, पण लॅपटॉपशी त्याची दूरची सोयरीकसुद्धा नव्हती. तो जुन्या प्रोजेक्टरसाठी असतो. परत गेले तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, तुम्ही हेच दाखवलं होतं." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं, आणि मी तर दोन्ही हात दाखवले होते.

दुसऱ्या खेपेला लॅपटॉप घेऊन गेले. बरोबर अडॅप्टर मिळाला: एका टोकाला लंबगोल तोंड, दुसऱ्या टोकाला टीव्हीची वायर बसेल असा चौकोनी जबडा. मी तो पर्समध्ये, पर्स पोटाशी, असा धरून बारशाच्या आदल्या दिवशी एसटीने गावी गेले. घरी पोचले, हातपाय धुतले, टीव्ही लावला, अडॅप्टर लावला. टीव्हीवर आलं: सिग्नल नाही.

मी वायर काढून पुन्हा लावली. सिग्नल नाही. वायर उलटी करून लावली, अडॅप्टर फुंकून लावला, टीव्ही बंद करून चालू केला, लॅपटॉप बंद करून चालू केला. आई खाटेवरून म्हणाली, "आलं का गं?" मी म्हटलं, "येतंय." शेजारची काकू, म्हणजे माझी चुलती, दोन म्हशींच्या धारा काढून हात पुसत आली आणि म्हणाली, "घोडं कुठं पेंड खातंय?" ते मलाही कळलं असतं तर घोड्याच्या तोंडातून पेंड काढून घेतली असती.

सकाळी पहिल्या गाडीने पारनेरला गेले. तिथल्या दुकानदाराला म्हटलं, हा अडॅप्टर खराब निघाला. त्याने तो उलटापालटा करून बघितला आणि हुबेहूब तसाच दुसरा काढला. "ह्यात आणि त्यात फरक काय?" मी विचारलं. तो म्हणाला, "फरक तसा मलाबी कळत न्हाई. पन ह्याची तक्रार येत न्हाई. लावून बघा, न्हाई चाललं तर बदलून देतो." इतकं प्रामाणिक उत्तर मी स्वतः वर्गात कधी दिलेलं नाही. एकसारखी दिसणारी भोकं, एकसारखी तोंडं, आणि एकातून चित्र जातं तर दुसऱ्यातून नाही, हे ज्या कुणी ठरवलं त्याला एकदा माझ्यासारख्या कुणाच्या तरी घरी बारशाला बोलवायला हवं होतं. मी रागारागात तो घेतला.

घरी परतले तर गल्लीतल्या बायका जमायला लागल्या होत्या. काकूने घुगऱ्या शिजत टाकल्या होत्या. कुणाचा तरी लाकडी पाळणा आणून टांगला होता आणि पाळणा रिकामा ठेवू नये म्हणून त्यात वरवंट्याला टोपडं घालून निजवलं होतं. टोपड्यातला वरवंटा त्या क्षणी माझ्यापेक्षा शहाणा दिसत होता, कारण तो निदान गप्प पडून होता. मी नवा अडॅप्टर लावला. सिग्नल नाही.

बायका टीव्हीसमोर सतरंजीवर बसून निळ्या पडद्याकडे बघत होत्या. एकजण म्हणाली, "बाळ कुठंय?" दुसरी म्हणाली, "जर्मनीतनं येतंय, येळ लागनारच की." भावाचा फोन आला: "ताई, जमतंय का? हिची मैत्रीण आलीये." मी म्हटलं, "टीव्हीच जुनाट आहे तुझा, त्याला मी काय करू?" नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगणसुद्धा भावाने दिलेलं.

आई तेवढ्यात म्हणाली, "जाऊ दे गं बाय. फोनवर दाव. दिसतंय मला."

ते "दिसतंय मला" माझ्या जिव्हारी लागलं. मी लॅपटॉपमधून सगळं उपटलं. चार्जर उपटला, अडॅप्टर उपटला, दोन्ही वायरी हातात धरून एक क्षण वाटलं की चुलीत घालाव्यात. मग वाटलं, बॅटरी संपली तर फोनएवढंही दिसायचं नाही. म्हणून रागारागातच, न बघता, दोन्ही पुन्हा खुपसल्या. चार्जर गेला डावीकडे, अडॅप्टर गेला उजवीकडे. आणि टीव्हीवर झपकन माझा लॅपटॉप उमटला.

मी कालपासून अडॅप्टर डाव्या भोकात घालत होते. डाव्यातून वीज जाते, फाईली जातात, पण चित्र जात नाही. चित्र फक्त उजव्यातून जातं, आणि उजव्यात मी सवयीने चार्जर लावून ठेवला होता. दोन्ही भोकं जुळ्यांसारखी; नीट बघितलं तर उजव्याशेजारी खसखशीएवढी एक खूण कोरलेली आहे, ती मी आत्तापर्यंत कचरा समजत होते. सावेडीहून दुसऱ्या खेपेला आणलेला अडॅप्टर बिचारा निर्दोष होता. बायका म्हणाल्या, "आलं बाई. शिकल्याला मानूस तो शिकल्यालाच." मी मान डोलावली, आणि ही सेटिंग जरा अवघड असते असं म्हणाले.

कॉल लागला. भाऊ दिसला, वहिनी दिसली, मागे ती मैत्रीण नटूनथटून उभी दिसली. मी लॅपटॉप टीव्हीखालच्या स्टुलावर ठेवला आणि पदर खोचला. भाऊ म्हणाला, "थांब ताई, फोन त्याच्या कानापाशी नेतो, म्हणजे तुझं कुर्र नीट ऐकू जाईल." त्याने फोन इतका जवळ नेला की टीव्हीभर फक्त कान उरला. परातीएवढा. त्यावरची बारीक लव दिसत होती.

एवढा खटाटोप करून कान. मी कपाळाला हात लावणार होते. पण मागे खाट करकरली आणि आई उठून टीव्हीपाशी आली. कुणी हात धरायच्या आत आली. नाक टेकेल इतकी पडद्याजवळ गेली आणि बोटाने कानाची कड चाचपत खाली आली. खालच्या टोकाला तिचं बोट थांबलं.

"पाळी चिकटल्याली हाय," ती म्हणाली. "ह्यांच्यावानी."

माझ्या वडिलांच्या कानाची पाळी सुटी नव्हती, गालालाच चिकटलेली होती. लहानपणी त्यांचे कान टोचायला सोनाराला जागा सापडेना, हे ते आम्हाला हसत सांगायचे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. बाळाची पाळीही तशीच आहे हे मी आईला सांगितलेलं नव्हतं, भावानेही नाही. आम्हा दोघांच्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे आईला दिसत होतं. ह्या वेळी खरोखर दिसत होतं.

"कर की गं कुर्र," काकू म्हणाली. मी लॅपटॉपवर वाकले आणि माइकपाशी तोंड नेऊन कुर्र म्हटलं, नाव सांगितलं. आणि आमच्याकडची रीत अशी की आत्या वाकली की बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. वाकलेली पाठ आयती समोर होती. पहिला धपाटा काकूचा पडला, दोन म्हशींच्या धारा काढणाऱ्या हाताचा. मी पुढे आपटले, माझं कोपर अडॅप्टरवर गेलं, तो निखळून खाली पडला. टीव्ही निळा झाला. सिग्नल नाही.

काकू हात मागे लपवून उभी राहिली. मी अडॅप्टर शोधायला गुडघ्यांवर बसले आणि पहिल्यांदा उचलून, अर्थातच, डाव्या बाजूला नेला.

"राहू दे," आई म्हणाली. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, धपाटा नाही, नुसता हात. "बघितलं मी. तू कालपास्नं वायरीच बघतीयास. आता पोराला बघ, अन् मला सांग."

खरंच मी अजून त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. मी वायर खाली ठेवली. लॅपटॉपवर कॉल चालूच होता; भावाने फोन मागे घेतला होता आणि आख्खा भाचा वळवळत पडला होता. आई शेजारी बसली आणि मी तिला सांगत गेले. रंग भावावर, कपाळ तुझ्यावर, मुठी काकूसारख्या. नाक मात्र सरळसरळ वहिनीच्या माहेरचं होतं. ते मी तिला सांगितलं नाही.