राणीच्या दाराला ओला टॉवेल

राणीच्या शयनगृहात माझ्या बायकोने दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला, ते टेपवर ऐकताना मी सौदीतल्या जुबैलमध्ये खिचडी करपवत होतो.

राजवाडा युरोपातला. शहराचं नाव सांगत नाही, कारण आम्हाला तिथे पुन्हा जायचंय आणि तोवर त्यांनी आम्हाला विसरायला हवं! खरं तर आम्ही चौघंही जाणार होतो: मी, सुनंदा, नऊ वर्षांचा निखिल आणि सहा वर्षांची मनू. सुट्टीवर मुंबईला जाताना वाट वाकडी करून एक दिवस तिथे उतरायचं आणि राजवाडा बघायचा, हा बेत मी वर्षभर शिजवत होतो. तो शिजला आणि आखातात युद्ध पेटलं. रजा रद्द. पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे आमच्या अरब मालकाच्या, कपाटात. कफील म्हणाला, "तू गेलास तर प्लांट कोण चालवणार? खलास!" (प्लांट माझ्यामुळे चालतो, हे पगारवाढ मागताना मला कधी कोणी सांगितलं नव्हतं.)

मग तिघांनीच जायचं ठरलं. बसने जेद्दा, तिथून विमान. बस सुटताना मी सुनंदाच्या हातात छोटा टेपरेकॉर्डर कोंबला. आम्हा गल्फवाल्यांना पत्रं लिहायचा कंटाळा. आम्ही कॅसेट भरायचो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवायचो.

"राजवाडा अख्खा भरून पाठव. एकही खोली सोडू नकोस."

"अहो, खोल्या ऐकू येतात का?"

"तू भर. मी बघतो ऐकून."

बस गेली आणि घर खायला उठलं. निखिलची चप्पल उचलायला कोणी ओरडत नव्हतं, म्हणून मीच एकदा ओरडलो. चप्पल मात्र जागची हलली नाही.

कॅसेट आली ती कुणा ओळखीच्याच्या ओळखीच्याबरोबर, बऱ्याच दिवसांनी. मी खिचडी गॅसवर ठेवली आणि बटण दाबलं. आधी गाइडबाईंचं इंग्रजी, मग निखिल: "आई, एवढ्या रूम्स आहेत, टॉयलेट कुठेय?" मग सुनंदा: "राजाला विचार." मग मनू: "क्वीन इथे झोपायची? एवढ्याशा बेडवर? पाय कुठे ठेवायची?" मी एकटाच हसत होतो. तेवढ्यात निखिलने दोरीवरून वाकून राणीच्या पलंगाला हात लावला असावा, कारण कर्कश घंटा वाजायला लागली.

आता इथे माझं कर्तृत्व सांगायला हवं. जुबैलमध्ये सायरन सुरू झाल्यापासून घरातला सेनापती मी. सायरन वाजला की सगळ्यांनी बाथरूममध्ये पळायचं, दाराखाली ओला टॉवेल, चौकटीला चिकटपट्टी. विषारी वायूचं भय होतं ना! मी रोज सराव घ्यायचो. जेवताना, अभ्यास करताना, एकदा तर सुनंदाच्या डोक्याला शिकेकाई असताना. सैन्य इतकं तयार झालं होतं की घड्याळाचा गजर झाला तरी पळायचं.

राजवाड्यातही पळालं! "पोरांनो, आत!" सुनंदाचा आवाज. शयनगृहाला लागून राणीची कपडे बदलायची खोली होती म्हणे. सुनंदाच्या पिशवीत टॉवेल असतोच (आमच्या बायका टॉवेलशिवाय परदेशात जात नाहीत), तो तिने बाटलीतल्या पाण्याने भिजवून दाराच्या फटीत कोंबला. निखिलने तर शेजारच्या परक्या आजी-आजोबांनाही आत ढकललं. "कम इन, अंकल! गॅस! सिट डाउन!" अंकल बिचारे बसले. गाइडबाई किंचाळत होत्या, पहारेकरी बूट आपटत आला, आणि मग मनूचा आवाज आला.

"नो! डोन्ट क्लोज द डोअर!"

"मनू, दार सोड!" सुनंदा ओरडली.

"पण पप्पा अजून आले नाहीत!"

नियम माझाच होता. चौघं आत आल्याशिवाय दार लावायचं नाही.

पहारेकऱ्याने मोडक्या इंग्रजीत विचारलं, "व्हेअर इज पापा?"

"इन जुबैल. ही इज कमिंग."

त्यानंतर घंटा बंद झाली.  मग सुनंदा नाक ओढत म्हणाली, "निखिल, टेप बंद कर रे." खिचडी करपल्याचा वास आला, पण मला उठवेना. मी रडत होतो, हे सरळच सांगतो.

डोळे पुसून मी उलट कॅसेट भरायला बसलो. बाप माणसाने धीर द्यायचा असतो. "इकडे सगळं शांत आहे. सायरन तर हल्ली वाजतच नाही. माझी अजिबात काळजी करू नका," इथवर आलो आणि सायरन वाजला! खाली उतरवून ठेवलेलं पातेलं लाथाडत मी बाथरूममध्ये पळालो. टॉवेल भिजवला. पट्टी हातात घेतली. आणि दार काही लाववेना. हात पुढेच जाईना.

वरच्या मजल्यावरचे इब्राहिमभाई, दापोलीचे, धावत जिना उतरत होते. खिचडीचा धूर जावा म्हणून आमचं बाहेरचं दार सताड उघडं होतं, ते बघून आत आले.

"अवो, दार उघडं टाकून कोणाची वाट बघताव?"

"पोरांची," मी म्हणालो.

त्यांची पोरं दापोलीला. त्यांनी बादली पालथी घातली, तिच्यावर बसले आणि म्हणाले, "मी आलो ना. लावा आता."

मी दार लावलं. आम्ही दोघं सायरन थांबेपर्यंत बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी एक जण मुंबईला निघाला होता, त्याच्या हातात मी घाईघाईने कॅसेट दिली. परत ऐकायला वेळ कुठला!

टेप सायरनपासून शेवटपर्यंत चालूच होता, हे मला सुनंदाच्या पुढच्या कॅसेटवरून कळलं. पातेलं, सायरन, इब्राहिमभाई, सगळं डोंबिवलीत माझ्या सासूबाईंसह घरभर ऐकून झालं होतं. निखिलने निकाल दिला होता: "पप्पा फेल. दार लवकर बंद केलं नाही." मनू भांडत होती: "पास! पप्पांनी वेट केलं!"

आज दोघांना पोरंबाळं झाली, तरी हा वाद मिटलेला नाही. बायको मात्र दोघांनाही गप्प करते. म्हणते, "पास-नापास राहू दे. पण सायरन वाजत नाही असं खोटं सांगायचं, तर आधी टेप बंद करायला शिकावं. आणि म्हणे यांच्यामुळे प्लांट चालतो!"