टोकलेला नैवेद्य

पुण्याला कायदा शिकत असताना गुन्हा आणि गुन्हेगार या विषयाने मला झपाटलं होतं. जबड्यावरून आणि कानांवरून गुन्हेगार ओळखता येतो, असंही एका जाडजूड पुस्तकात छापलेलं होतं. बेचाळीसच्या चळवळीच्या धामधुमीत मी दिवाळीला नसरापूरपर्यंत मोटारीने आणि पुढे पायी वेल्ह्याकडच्या आमच्या गावी आलो, आणि घरातल्यांचेच कान न्याहाळू लागलो!

घरात दादा आणि वहिनी. आईवडिलांमागे दादानेच मला वाढवलेलं. पण या खेपेला मी पडवीत पाऊल टाकलं की दोघांचं बोलणं तुटायचं. "किती दिस हाईस?" हे दादाने इतक्यांदा विचारलं की माझं टाळकंच फिरलं. मला वाटलं, दादाने रानात दारूची भट्टी लावली असणार.

वहिनी रोज दिवस कलता झाकलेलं ताट घेऊन ओढ्यापलीकडच्या राईतल्या महादेवाला जायच्या. आमच्याकडे नैवेद्य नेणाऱ्या बाईला कुणी टोकत नाही. कुठं चाललीस विचारायचं नाही, ताटाकडे बघायचंही नाही. गावातली माणसं नेमाने तोंड फिरवायची. एकदा त्या माझ्याजवळून गेल्या आणि सुकटीच्या चटणीचा वास आला. महादेवाला सुकट?

मग मात्र माझी विद्या कामाला लागली. दादाचं जुनं धोतर दिसत नव्हतं, सहाणेवर ओली हळद होती आणि शेजारच्या गावचे शाळामास्तर चळवळीपायी फरारी होते. भट्टीबिट्टी काही नव्हती, मास्तर जखमी होऊन राईत दडले होते! मला दादाचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. आपणही यात असावं असं फार वाटलं. दुसऱ्या दिवशी चुलीपाशी मी हळूच म्हणालो, "वहिनी, सुकट नका नेऊ, वास येतो. दूधभात न्या."

वहिनींच्या हातातलं झाकण खाली पडलं. दारात फौजदार उभा असावा तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "भावजी, नैवेद्याला टोकत न्हाईत," एवढंच त्या म्हणाल्या.

जरा वेळाने दादा आला. "तुला कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. माझं मीच ओळखलं."

"आनि तू कुनाकुनाला सांगितलंस?"

"दादा, अरे कुणालाच नाही!"

"तुमच्या कालेजात ह्येच शिकवत्यात न्हवं? मानसं हुडकायची?"

"निरपराध माणूस सुटावा म्हणूनही शिकवतात."

"पोलीसबी असंच म्हनतो," दादा म्हणाला आणि उठून गेला.

त्याच रात्री दादाने मास्तरांना तिथून हलवलं. पायाची जखम अजून भरली नव्हती. दोन दिवसांत कापूरहोळला लंगडताना पोलिसांनी त्यांना धरलं. बातमी आली तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. मी कुणालाही सांगितलं नाही, अशी देवाची शपथ घेतली. "जेव," तो म्हणाला. मला आजही संताप येतो. काळजीपोटी एक वाक्य बोललो, तर मी खबऱ्या कसा झालो?

पुढे मला सनद मिळाली आणि मी भोरला वकिली सुरू केली. मास्तर सुटून आले आणि आपल्या लंगड्या पायानेच घात केला, असं त्यांनी दादाला स्वतः सांगितलं. दादाने मान हलवली. मला वाटलं, संपलं एकदाचं.

मग शेजाऱ्याने आमच्या शेताचा बांध कोरला आणि दादाला कोर्टाची पायरी चढावी लागली. दावा कसा मांडायचा याचा विचार करून मी वाट बघत बसलो होतो. दादा आला. घरच्या नव्या तांदळाची पिशवी त्याने माझ्या टेबलावर ठेवली, तब्येत विचारली, पाणी प्याला. मग कागद काखेत मारून उठला आणि माझ्यादेखत रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या वकिलाकडे गेला.