आईसाठी ठेवलेली तलंग

कोंबडी भाजल्याचा वास आला की माझी आधी कंबर दुखते आणि मग आई आठवते. हा क्रम बरा नाही, मला कळतं. पण साठ माणसांसाठी तीस तलंगा ज्या बाईनं भाजल्या असतील, तिलाच तो समजेल.

तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी. ओंजळीत मावेल एवढी. तुकडे करायचे नाहीत, अख्खी भाजायची, आणि दोघांत एक वाढायची. माझं माहेर पवनारचं, धाम नदीच्या काठावरचं. सासर तिथून तीन कोसांवर. आईच्या हातची तलंग आमच्या भागात नावाजलेली होती. सासरे मला बघायला आले तेव्हा त्यांनी आधी ती खाल्ली आणि मला बघायच्या आधीच होकार दिला, असं सासरी सगळे हसून सांगत. मी कधी हसले नाही. ज्या गोष्टीसाठी आपल्याला आणलं ती गोष्ट आपल्याला जन्मभर करावी लागते, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कर. पोळा बैलांचा आणि कर माणसांची. वर्षाच्या बोलीवर राहिलेले सालदार, त्यांच्या बायका, पोरं, निंदणाला येणाऱ्या बाया, असं सगळं मिळून साठाच्या घरात माणूस अंगणात जेवायला बसायचं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी आणि तलंगा. सासूबाईंच्या गळ्यात माळ होती, त्यामुळे त्या दिवशी त्या मागच्या खोलीतून बाहेर येत नसत. दोन जावा होत्या, त्यांना त्याच दिवशी नेमकं डोकं दुखायचं. उरले मी.

ज्या वर्षाचं सांगते आहे ते सत्तावन्न साल. माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती.

पोळ्याच्या दिवशी दुपारी, बैल सजवून तोरणाकडे निघालेले, तेव्हा पवनारचा एक ओळखीचा माणूस निरोप घेऊन आला. दारातच उभं राहून त्यानं सांगितलं, "तुया मायनं आठ दिवसापासून अन्न टाकलं. पेजबी घेत नाई. म्हणते, पोरीच्या हातची तलंग भेटली तर खाऊन पाहीन."

मी सासऱ्यांकडे गेले. माणूस वाईट नव्हता, पण रीत म्हटली की त्याला दुसरं काही दिसायचं नाही. पोळा आणि कर, दोन दिवस बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही, ही आमच्या घरची रीत. बंडी परवा निघेल, म्हणाले. मी म्हटलं, मी चालत जाते. भादव्यातले नाले, एकटी बाईमाणूस, आणि उद्या साठ माणसं दारात, असं सगळं त्यांनी मला एकेक करून सांगितलं. नवरा खांबाला टेकून उभा होता. बापासमोर त्याची जीभ कधी उचललीच नाही. शेवटी ठरलं असं की करीच्या पंगती उठल्या की मी निघायचं आणि सोबत मोठ्या सालदाराची बायको येईल. एक तलंग आईसाठी काढून ठेवायची परवानगीही मला मिळाली. परवानगी, म्हणजे बघा. जी मी भाजणार, ती एक.

करीच्या दिवशी उजाडायच्या आत कामाला लागले. सालदाराची बायको माझ्या आधी येऊन बसली होती. माझ्या आईच्या वयाची, हाडापेरानं भक्कम. मी तिला मावशी म्हणायची, आणि मावशीच्या ओंजळीत पाणी वरून ओतायची. दोन्ही गोष्टी मी एकाच तोंडानं आणि एकाच हातानं करत होते आणि त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं. आदल्या साली दसऱ्याला ती नवऱ्यासोबत नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. घरातले देव तिनं स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते.

तीस तलंगांची पिसं काढायची म्हणजे बोटांची सालं निघतात. गरम पाण्यात बुडवायची, पिसं उपटायची, उरलेली लव जाळावर फिरवून जाळायची. मग पोट साफ करायचं, आणि ते जपून, कारण पित्ताची पिशवी फुटली की अख्खी तलंग कडू. पंधरा-सोळा झाल्यावर हात आपले राहत नाहीत. मावशी बोलता बोलता दोन करायची तेवढ्यात माझी एक व्हायची. मात्र पिसं आणि पोट इथपर्यंतच तिचं काम. हळद-मीठ लागलं की कोंबडी आमची, आणि तिनं उठून लांब बसायचं. हे कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. त्या वर्षी मी हळदीचं ताट पुढं ओढलं तरी ती बसूनच होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग ती हात धुऊन गोठ्याच्या भिंतीशी जाऊन बसली.

पुढचं सगळं मी एकटीनं केलं. हळद-मीठ चोळलं. भाजलेलं खोबरं, खसखस, तीळ, लसूण, आलं आणि लाल मिरच्या पाट्यावर वाटल्या. ते वाटण संपता संपेना. सुरीनं मांडीला चिरा देऊन त्यांत ते भरलं, वरून जवसाचं तेल लावलं. पोटात एकेक कांदा आणि मूठभर सांभार, म्हणजे कोथिंबीर. पाय अंबाडीच्या धाग्यानं बांधले. मग पळसाच्या पानांचे दोन थर, त्यावर चिखलाचा लेप, आणि गोठ्याच्या छपराखाली खणलेल्या चरात, धगधगत्या गोवऱ्यांच्या आरात सगळ्या एका ओळीनं पुरल्या. पाऊस भुरभुर येत होता आणि धूर छपराखाली कोंडून डोळ्यांत जात होता. डोळ्यांतून पाणी येत होतं ते धुराचं म्हणून खपलं, ते एक बरं झालं.

आरातून तलंग काढायची वेळ वासावरून कळते. आई म्हणायची, घड्याळ नाकात असतं. पण त्या दिवशी माझं नाकही थकलं होतं. मी अंदाजानं काढत गेले, मातीचं कवच फोडत गेले, पानं उलगडत गेले. माझ्या मनात एवढंच होतं की दिवस मावळायच्या आत पवनार गाठायचं आणि आईच्या तोंडात एक घास घालायचा. त्या एका घासासाठी मी तो अख्खा दिवस रेटत होते.

लोक जेवले. आधी घरचे आणि गावचे, मग अंगणाच्या दुसऱ्या टोकाला मावशीच्या वस्तीची पंगत. फार छान झाल्या म्हणाले. कुणी हाडंसुद्धा सोडली नाहीत. मी एक तलंग पानासकट चुलीमागे ठेवली होती. तीन जणांनी ती मागितली आणि तिन्ही वेळा मी तिच्यापुढे उभी राहिले. स्वतः काही खाल्लं की नाही ते आता आठवत नाही. बहुतेक नसावं.

चार वाजून गेल्यावर आम्ही निघालो. पुडकं माझ्या पदरात, मावशी पुढे काठी घेऊन. रस्ता कसला, चिखलच. माझे पाय भरून आले होते आणि ती माझ्यासाठी मधूनमधून थांबत होती, थांबल्याचं न दाखवता.

पवनार कोसभर राहिलं तेव्हा नाला लागला. दिवस कलला होता आणि काठावरच्या चिंचेखाली अंधारून आलं होतं. पाण्यात पाय घालणार तोच मला आठवलं. कोळसा.

तिन्हीसांजेला शिजवलेलं मांस घेऊन वाटेनं जायचं तर पुडक्यात कोळशाचा खडा आणि लाल मिरची ठेवायची. नाही तर मांसाच्या वासानं वाटेवरचं जे असेल ते मागे लागतं आणि घरापर्यंत येतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं; उंबऱ्यावर पाय देऊ नये तसंच ते मला लहानपणापासून माहीत होतं. दिवसभर कोळशात हात घातलेली मी, आणि खडा विसरले होते. आणि जायचं कुठं, तर आठ दिवस अन्न न घेतलेल्या माणसाच्या उशाशी. तिथं मी काय घेऊन जाणार होते?

मी तिथंच थांबले. मावशी पाण्यात उतरली होती, ती मागं फिरली. मी सांगितलं. तिला हसू आलं, पण माझं तोंड बघून तिनं ते आवरलं.

"आमी देव नदीत सोडले ना बाई, त्याईच्या संगं भूतंबी गेले," ती म्हणाली. "माह्या मागं कोणी येत नाई आता. आणा ते माह्याजवळ. मी पोचवून देतो."

तिनं दोन्ही हात पुढे केले. पावसानं धुतलेले, स्वच्छ हात. सकाळी याच हातांनी त्या तलंगेची पिसं काढली असतील, पोट साफ केलं असेल. पण आता ती शिजलेली होती. मी त्या हातांकडे बघत राहिले आणि माझे हात पदरातून बाहेर येईनात. आईच्या तोंडात घालायचा घास तिच्या हातून जाईल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. माझ्या हातचं साठ जणांनी खाल्लं होतं, तिनंही खाल्लं होतं. तिच्या हातून मला एक पुडकं नाल्यापलीकडे नेता आलं नाही.

मग तिला समजलं. तिनं हात खाली घेतले, पदराला पुसले, आणि पाण्यात उतरून माझ्यासाठी खोली बघायला लागली. मी पुडकं चिंचेच्या बुंध्याशी ठेवलं. ठेवताना ते अजून कोमट होतं.

पवनारला पोचलो तेव्हा घराघरांत दिवे लागले होते. आई अंथरुणात एवढीशी झाली होती. मावशी ओसरीच्या पायरीवर, उघड्या दाराशी बसली. मी आईजवळ गेले तसे आईनं माझे हात धरले, नाकाजवळ नेले आणि डोळे मिटून बराच वेळ वास घेतला.

"ओवा टाकला नाई तू," ती म्हणाली.

खरंच विसरले होते. पोटात कांद्यासोबत चिमूटभर ओवा, हे आईचं खास. साठ माणसं जेवून उठली, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मग ती म्हणाली, "आण, देजो."

मला खरं सांगता आलं असतं. भूत सांगता आलं असतं, निदान ते तरी तिला पटलं असतं. पण भूत सांगितलं असतं तर मावशीचे हातही सांगावे लागले असते, आणि ती दारातच बसली होती. मी म्हटलं, आई, संपल्या सगळ्या.

आई माझ्याकडे बघत राहिली. "तिसात एक नाई ठेवली मायसाठी?" एवढंच म्हणाली. रागावली नाही. थोड्या वेळानं माझा हात थोपटून म्हणाली, थकली असशील, पड जराशी. आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

मी दाराकडे पाहिलं. मावशीला सगळं ऐकू गेलं होतं. ती एका शब्दानं माझं खोटं उघडं पाडू शकली असती, आणि आईला कळलं असतं की एक ठेवली होती, तीन जणांपासून राखून ठेवली होती. ती काही बोलली नाही. माझी लाज तिनं राखली. पण तिनं बोलायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी भावानं कुठून तरी एक तलंग आणली. मी ओवा घालून, नीट, वासावर काढून भाजली. तोवर आईला गिळता येत नव्हतं. पाचव्या दिवशी ती गेली.

दिवस करून सासरी परत आले तेव्हा मावशी गोठ्यात शेण काढत होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. विचारायचं नव्हतं, तरी विचारलं, दुसऱ्या दिवशी एकटी परतताना चिंचेखाली पाहिलं होतं का.

"पाहिलं," ती म्हणाली. तिनं शेणाची पाटी भरून घेतली. मग म्हणाली, "पान फाटेल होतं. चिखलात कुत्र्याचे पाय होते, बाई. दुसऱ्या कोणाचे नाई."